टाकी चौकात थांबायचं नाही

अंबडला टाकी चौक आहे, टाकी नाही. रस्ता रुंद करायचा म्हणून टाकी पाडली. रस्ता रुंद झाला, आणि आधी जिथे दोन माणसं गाड्या आडव्या लावून बोलायची तिथे चार बोलू लागली. रुंदीकरणाचा हा फायदा गावात कुणीही नाकारत नाही.

इथल्या माणसांची एक रीत आहे. ओळखीचा कुणी समोरून आला की गाडी जिथे असेल तिथेच थांबवायची. बाजूला घ्यायची नाही. बाजूला घेतली तर समोरच्याला वाटतं, याला आपल्याशी बोलायचं नाही, दुकानातून काहीतरी घ्यायचंय. म्हणून भर रस्त्यात चाकाला चाक लावून विचारायचं, "काय म्हणतो?" इंजिन मात्र चालू ठेवायचं, म्हणजे आपण घाईत आहोत हे दिसतं. मागचे लोक हॉर्न वाजवतात, नाही असं नाही. पण तो 'आम्ही पण आलोय' हे कळवायला. मग तेही उतरून येतात आणि विचारतात, "काय झालं?" काहीच झालेलं नसतं. तेवढ्यावर उसाच्या ट्रॉल्या, मोसंबीचे टेम्पो आणि कोर्टात तारीख असलेली सगळी माणसं निवांत उभी राहतात.

या रीतीत वामनरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. सरकारी लाल गाडीवर कंडक्टर म्हणून सगळी नोकरी झालेली. तालुक्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या हातचं तिकीट घेऊन बसलेला. त्यामुळे निवृत्तीनंतर करड्या स्कूटरवर निघाले की त्यांना अनोळखी असं कुणी भेटायचंच नाही. एखाद्या भल्या माणसाला आडवी स्कूटर घालून ते विचारायचे, "तुमी केदारखेड्याला चढत होते ना? आईचे गुडघे कसे हायत आता?" आई जाऊन वर्षं लोटलेली असायची. ते कळलं की वामनराव स्कूटर स्टँडवर लावायचे, डोक्यावरची टोपी काढायचे, आणि रीतसर दुखवट्याला बसल्यासारखे तिथेच उभे राहायचे. मागे ट्रॉल्यांची रांग मारुतीच्या देवळापर्यंत जायची.

बायकोने, बेबीनंदाबाईंनी, त्यांना कोथिंबीर आणायला पाठवणं कधीच सोडून दिलं होतं. वरण खाऊन, भांडी घासून, ओटा पुसून झाला की कोथिंबीर यायची, आणि तिच्याबरोबर अर्ध्या गावाच्या तब्येतीची खबर.

अशा या वामनरावांच्या आयुष्यात एकच माणूस होता, ज्याच्यासाठी ते थांबत नसत. नागसेनराव.

नागसेनराव ड्रायव्हर. अंबड–धावडा मुक्कामी गाडीवर ही जोडी इतकी वर्षं होती, की लोक गाडीला नंबराने नाही, यांच्या नावाने ओळखायचे. सकाळी गाडीपाशी आल्यावर वामनराव म्हणायचे, "जय भीम, ड्रायव्हर." नागसेनराव म्हणायचे, "राम राम, मास्तर." ज्याने त्याने दुसऱ्याचा नमस्कार करायचा, असं कधी ठरलं नव्हतं; तशी सवय पडून गेली होती. गाडीतल्या घंटीची दोरी तुटलेली. ती बसवून घ्यायचं दोघांनी अधूनमधून ठरवलं आणि मग राहून गेलं. वामनराव गाडीच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारायचे. एक थाप, थांब. दोन थापा, चल. धावड्याला मुक्कामाच्या खोलीत एका पातेल्यात पिठलं शिजायचं आणि दोघं त्यातच भाकरी बुडवून खायचे.

भांडणही याच गाडीत झालं, आणि तेही प्रेमापायी.

नागसेनरावांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. धावड्याहून परतीची फेरी. डेपोत मंडप, हार, साहेब, घरची माणसं, सगळं तयार. नागसेनरावांची एकच इच्छा होती. आयुष्यात एकदा तरी गाडी वेळेवर न्यायची. या मास्तरच्या थापांमुळे ती कधी वेळेवर गेली नव्हती. वामनरावांनी शब्द दिला, "आज बिलकुल न्हाई थांबवत." आणि पहिलंच गाव आल्यावर त्यांना भडभडून आलं. असा ड्रायव्हर रिटायर होतोय आणि लोकांना खबर नाही? त्यांनी एक थाप मारली, खाली उतरले आणि पारावर बसलेल्यांना सांगितलं, "आज आपले ड्रायव्हर रिटायर होऊन राह्यले!" लोक धावले. कुणी नारळ आणला, कुणी काकडी. पुढच्या गावी पुन्हा एक थाप. केदारखेड्याला तर हलगीवाला बोलावला.

गाडी अंबडला पोचली तेव्हा मंडपवाला खांब सोडून रिक्षात भरत होता. साहेब निघून गेले होते. हार सुकून वाया जाऊ नये म्हणून त्याच दिवशी बदलून आलेल्या एका नव्या क्लार्कच्या गळ्यात घातला होता, आणि तो बिचारा दोन शब्दही बोलला होता. नागसेनराव मांडीवर काकड्यांचा ढीग घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिले. मग खाली उतरून म्हणाले, "वामन्या, आजपासून माझ्यासाठी कुठंच थांबायचं न्हाई."

वामनरावांनाही राग आला. इतकं प्रेमाने केलं आणि वर हे. ते म्हणाले, "न्हाई थांबत, जा."

आणि थांबले नाहीत. रोज सकाळी वामनराव दुधाला निघत, नागसेनराव लाल मोपेडवर वाचनालयात. टाकी चौकात समोरासमोर येत. दोघंही मान ताठ करून, नजर मारुतीच्या कळसावर लावून, एकमेकांच्या बाजूने सुसाट निघून जात. भोवतालच्या लोकांना इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की तेही आपापल्या गाड्या काढून पांगायचे. दिवसातून एवढा एकच क्षण टाकी चौक मोकळा व्हायचा. पुढच्या वळणावर वामनराव स्कूटर हळू करायचे. त्यांना वाईट वाटायचं. रोज वाटायचं. पण शब्द दिला होता, आणि हा एक तरी शब्द पाळायचा, अशा हट्टाला ते पेटले होते.

मग अद्वैत आला. टाकी चौकातल्या कापड दुकानदाराचा मुलगा, पुण्यात इंजिनियर झालेला. त्याने कुठेतरी पाहिलं होतं, की परदेशातल्या मोठ्या शहरांत गर्दीच्या भागात गाडी आणायची तर पैसे भरावे लागतात, आणि त्याने रस्ते मोकळे होतात. दुकानातल्या गादीवर त्याने 'चौक मोकळा समिती'ची सभा घेतली. सभेला येणाऱ्यांनी गाड्या बाहेर चौकात लावल्या, त्यामुळे सभा चालू होती तोवर चौक बंद होता.

भारत हा ऊसवाला म्हणाला, "बायपास करा. हाच एक इलाज हाय."

"कुठून?"

"माझं शेत सोडून कुठूनबी."

एका वकिलांनी उड्डाणपूल सुचवला. त्यावर शाळेतल्या रजनीबाई म्हणाल्या, "पुलावर माणसं भेटली की पुलावर थांबतील. खाली निदान सावली तरी आहे." सिग्नलचंही निघालं, पण लाल दिवा लागला की लोकांना बोलायला सरकारी परवानगीच मिळेल, असं सगळ्यांचं मत पडलं. शेवटी अद्वैतचा शुल्काचा ठराव पास झाला. जो चौकात गाडी थांबवून बोलेल, त्याने वीस रुपयांचं तिकीट घ्यायचं. परवानगी कुणाची घेतली, हे कुणी विचारलं नाही. लग्नाचा मंडप रस्त्यात घालताना तरी कोण विचारतं?

तिकीट फाडायला सराईत हात पाहिजे म्हणून वामनरावांना नेमलं. बेबीनंदाबाईंनी ऐकलं तेव्हा त्या चाळणी खाली ठेवून हसल्या. "ज्याच्यामुळं जाम होतो त्यालाच बसवलं व्हय! तो पोरगा शिकलेला हाय ना पण?"

वामनरावांनी जुनी चामडी पिशवी खांद्याला अडकवली आणि चौकात उभे राहिले. पहिल्याच दिवशी योजनेचं काय होणार ते कळलं. एक तर तिकीट द्यायचं म्हणजे माणसाला थांबवायचं, आणि माणूस थांबला की त्याच्या घरचं विचारल्याशिवाय तिकीट हातात ठेवणं वामनरावांना जमेना. दुसरं त्याहून अवघड. लोकांना तिकीट आवडलं. इतकी वर्षं चोरासारखं, इंजिन चालू ठेवून बोलावं लागत होतं. आता वीस रुपये भरले की जागा आपली. लोक इंजिन बंद करू लागले. "मास्तर, दोन द्या, निवांत बोलायचं हाय." पैसे वसूल व्हावेत म्हणून विषय संपला तरी कुणी हलेना. कुणी पावसापाण्यावर यायचं, कुणी एकमेकांच्या मेव्हण्यांवर. एका घराने मुलगी दाखवायचा कार्यक्रम चौकातच उरकला. पाहुण्यांची तिकिटं मुलीकडच्यांनी काढली. दोघंजण चटई घेऊन आले. आठवडाभरात मासिक पासची मागणी झाली, आणि पासवाल्यांचं एक शिष्टमंडळ अद्वैतला भेटायला आलं.

"आमी खर्चा करून राह्यलो," त्यांचा म्होरक्या म्हणाला, "अन् मागून लोक हॉर्न वाजवतेत. बोलणं ऐकू येत न्हाई बराबर. सावलीचीबी काही सोय करा."

अद्वैतला दोन दिवस ताप होता.

बरा झाल्यावर तो गच्चीवर बसून दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चौकाचं चित्रीकरण पाहत राहिला. कुठेतरी आशेचा किरण असेल म्हणून. आणि त्याला तो सापडला. रोज सकाळी करडी स्कूटर आणि लाल मोपेड. समोरासमोर येतात, थांबत नाहीत, बोलत नाहीत, आणि त्यांच्या शिस्तीचा असा काही परिणाम होतो की भोवतालचेही रस्ता सोडतात! अद्वैतच्या डोळ्यांत पाणी आलं. या गावात असे दोन नागरिक आहेत, आणि त्यांतले एक तर आपल्याच योजनेवर आहेत. तिकीट फाडताना थांबतात, ते ड्युटी म्हणून. बाकी माणूस शिस्तीचा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दोन दिवसांत चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. डावीकडे वामनराव, उजवीकडे नागसेनराव, मधे ठळक अक्षरांत: 'थांबू नका, बोलू नका. यांच्यासारखे व्हा.'

गावाला खरं माहीत होतं. पण चांगल्या चाललेल्या सत्कारात मोडता घालायचा पापीपणा कुणी केला नाही. उलट जो तो फ्लेक्सखाली गाडी थांबवायचा, आणि शेजारच्याला काकड्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. त्या दिवशी तिकिटं संपली.

सत्काराचा दिवस ठरला. आधी प्रात्यक्षिक: दोघांनी दोन बाजूंनी येऊन न थांबता, न बोलता एकमेकांना ओलांडायचं. मग शाल, श्रीफळ, हार. नागसेनराव येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांनी हो म्हटलं. एकच अट घातली, कार्यक्रम वेळेवर पाहिजे.

वामनरावांनी ते ऐकलं आणि मिशीत म्हणाले, "हाराची हौस अजून गेली न्हाई याची."

आदल्या दिवशी दुपारी नागसेनरावांची मुलगी भावना वामनरावांच्या घरी आली. ती पुण्यात नोकरीला. हातात एक पातेलं होतं. "बाबा म्हणाले, हे मास्तरांचं आहे, देऊन ये." बेबीनंदाबाईंनी तिला चहा दिला. घर आवरून झालं होतं, सामान बांधलं होतं. बाबा एकटे असतात, पाय सुजतात, म्हणून ती त्यांना कायमचं पुण्याला घेऊन चालली होती. उद्या सत्कार झाला की तिथूनच गाडी निघणार.

ती गेल्यावर वामनराव पातेलं हातात घेऊन बसले. धावड्याच्या खोलीतलं ते काळं बूड तसंच होतं. कुणी घासून काढलं नव्हतं.

"जाऊन बोला एकदा," बेबीनंदाबाई म्हणाल्या.

"त्यानं सांगितलंय, थांबायचं न्हाई म्हणून."

"साऱ्या गावासाठी थांबता. मेलेल्यांच्या गुडघ्यासाठी थांबता. अन् या एकासाठी तुमाला शब्द आठवतो?"

वामनरावांनी पातेलं उचलून फळीवर ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि बाहेरही पडले नाहीत, त्यामुळे चौकात त्यांची तब्येत विचारणाऱ्यांचा वेगळा जाम झाला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव टाकी चौकात लोटलं. न थांबणं बघायला लोक गाड्या थांबवून उभे होते. ट्रॉल्यांवर, गच्च्यांवर, टेम्पोच्या टपावर माणसं. मधे चुन्याच्या दोन रेघा मारून एक बोळ तेवढा मोकळा ठेवलेला. त्याच्या कडेला अद्वैत हार घेऊन उभा, तोंडात शिटी. मारुतीच्या देवळापाशी भावनाची गाडी, टपावर गादीची वळकटी बांधलेली.

शिटी वाजली, अगदी वेळेवर.

करडी स्कूटर बसस्टँडच्या बाजूने निघाली, लाल मोपेड जालन्याच्या बाजूने. वामनरावांनी रोजच्यासारखी नजर कळसावर लावली. पण आज ती तिथे टिकेना. नागसेनराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. ते जवळ आले, अगदी बाजूला आले, आणि मान ताठ ठेवून पुढे निघून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अद्वैत उड्या मारायला लागला. झालं होतं. एवढंच करायचं होतं.

वामनरावांच्या लक्षात आलं, की हा आता पाठमोरा चालला आहे, आणि उद्या सकाळी चौकात लाल मोपेड येणार नाही. मारुतीच्या कळसाकडे बघायचं कारणच उरणार नाही.

 त्यांनी हात मागे नेला आणि स्कूटरच्या पत्र्यावर तळव्याने थाप मारली. एकच.

नागसेनरावांचं डोकं काही ठरवायच्या आत त्यांच्या पायाने ठरवलं. मोपेडचा ब्रेक करकचून लागला. टाळ्या थांबल्या. नागसेनरावांनी मागे वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं पाहिलं नव्हतं, समोर बघूनच विचारायचे, तसंच विचारलं, "कोण उतरायलंय, मास्तर?"

"मी," वामनराव म्हणाले. "मी उतरतोय."

आणि ते उतरले. स्कूटर आडवी पडली, ती पडू दिली. ते चालत मोपेडपाशी गेले. नागसेनराव अजून समोरच बघत होते.

"जय भीम, ड्रायव्हर."

नागसेनरावांनी मोपेड बंद केली. "राम राम." मग म्हणाले, "कामून थांबवलं? वेळेवर झालं होतं सगळं."

"सवय गेली न्हाई."

अद्वैत धावत आला. त्याच्या डोळ्यांदेखत योजनेचे दोन्ही खांब भर चौकात उभे राहून बोलत होते. तो रडवेला होऊन म्हणाला, "काका, निदान तिकीट तरी…" वामनरावांनी खांद्यावरच्या पिशवीत हात घालून दोन तिकिटं फाडली, खिशातले पैसे पिशवीत टाकले, एक तिकीट नागसेनरावांच्या खिशात सरकवलं. मग अद्वैतच्या हातातला हार घेतला आणि नागसेनरावांच्या गळ्यात घातला.

"उशीर झाला रे," ते म्हणाले.

"लई झाला," नागसेनराव म्हणाले, आणि रडले. चौकातली सगळी माणसं रडली. ट्रॉलीवरचे लोक खाली उतरून रडायला आले, त्यांच्या मागचे काय झालं विचारायला आले, आणि मागे जाम इतका वाढला की पार पाचोड रस्त्यावरच्या लोकांना, कुणासाठी थांबलोय हे माहीत नसताना, उगाच गहिवरून आलं.

दोघं बोलत राहिले. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. पिठलं, पाय, गोळ्या, धावड्याची खोली. ऊन कलायला लागलं तेव्हा भावना गर्दीतून वाट काढत आली. "बाबा, निघायला हवं. पुण्याला पोचायला उशीर होईल."

नागसेनराव हार न काढता गाडीत बसले. दार लागलं. लोकांनी स्वतःहून वाट करून दिली. टाकी चौकात असं आपखुशीने पहिल्यांदाच घडत होतं. भावनाच्या ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

वामनराव खिडकीपाशी उभे होते. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर एक थाप मारली. दुसरीसाठी हात उचलला, आणि तो तिथेच राहिला.

ड्रायव्हरने क्लच सोडायला घेतला, तसे नागसेनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "एकच पडली. दुसरी पडल्याबिगर गाडी हालवायची न्हाई."

मागे ट्रॉल्या उभ्या होत्या, टेम्पो उभे होते, सगळं गाव उभं होतं. कुणीही हॉर्न वाजवला नाही. वामनरावांचा हात वरच होता.